यमीचा भाऊ

दिवाळीच्या सणात लक्ष्मीपूजनाचा दिवस एक आणि यमाचे दिवस तीन, असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. परंतु पंचांग उघडून पाहावे. आश्विन वद्य त्रयोदशीला, म्हणजे धनत्रयोदशीला, दिवेलागणीच्या वेळी कणकेचा दिवा करून तो घराबाहेर ठेवतात आणि त्याची वात दक्षिणेकडे करतात. हे यमदीपदान. एरवी दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवू लागले तर घरातली वडील माणसे चटकन हात धरतात. त्या एका संध्याकाळी मात्र तीच माणसे तसा दिवा मुद्दाम लावायला सांगतात. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाले की यमाची चौदा नावे घेऊन तर्पण करण्याचा विधी आहे. ज्याचे वडील हयात आहेत त्याने पितरांचे तर्पण करावयाचे नसते. पण यमाचे हे तर्पण त्यानेही करावे, असे पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला 'धर्मसिंधु' सांगतो. आणि कार्तिक शुद्ध द्वितीयेला आपण भाऊबीज म्हणतो, तिचे शास्त्रातले नावच यमद्वितीया आहे. त्या दिवशी यम आपली बहीण यमुना हिच्या घरी जेवायला गेला, म्हणून भावाने त्या दिवशी आपल्या घरी न जेवता बहिणीकडे जेवावे, अशी कथा आहे.

फराळाची ताटे, नवे कपडे, मुलांचे फटाके यांच्या गर्दीत हा रेड्यावर बसणारा, हातात पाश घेतलेला देव कोठून आला? सणासुदीला त्याचे नावही कोणी काढू नये, तर त्याच्यासाठी दिवा लावायचा आणि त्याच्या जेवणाची आठवण ठेवायची! ह्याचा उलगडा करावयाचा तर यमाचे चरित्रच मुळापासून पाहिले पाहिजे. यमाचे चरित्र म्हणजे मेल्यानंतर माणसाचे काय होते, ह्या प्रश्नाला आपल्या लोकांनी तीन हजार वर्षांत दिलेल्या उत्तरांचा इतिहासच होय.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौदाव्या सूक्तापासून अठराव्या सूक्तापर्यंत मरणाशी निगडित अशी सूक्ते एका ओळीने आली आहेत. त्यांत भेटणारा यम आपल्या ओळखीचा नाही. त्याच्याजवळ रेडा नाही, चित्रगुप्त नाही, पापपुण्याची वही नाही. तो विवस्वानाचा, म्हणजे सूर्याचा, मुलगा आहे. पलीकडे जाण्याची वाट त्याने सर्वांआधी शोधून काढली, म्हणून तो तिथला राजा. अथर्ववेद तर उघडच सांगतो की, मर्त्य माणसांत जो पहिल्याने मेला तो यम. म्हणजे यम हा मारणारा नव्हे. आपल्या सर्वांच्या आधी मेलेला तो आपला पूर्वज आहे. अनोळखी मुलखात एकटा पुढे गेला, मागून येणाऱ्यांसाठी वाट पाडली, राहण्याची जागा पाहून ठेवली, असा घरातला कर्ता पुरुष. त्याच्या घरी वडीलधारे पितर जमलेले असतात, पानांनी डवरलेल्या झाडाखाली देवांबरोबर सोमपान चाललेले असते. वाटेवर चार डोळ्यांचे दोन कुत्रे पहाऱ्याला असतात खरे, पण गेलेल्या माणसाला त्यांनी सुखरूप पोचवावे, एवढीच प्रार्थना यमाजवळ केलेली आहे.

'यम' ह्या शब्दाचा मूळ अर्थही निरुपद्रवी आहे. यम म्हणजे जुळा; कवितेतल्या यमकात तोच अर्थ आजही टिकून आहे. त्याची जुळी बहीण यमी. ही जोडी वेदाहूनही जुनी असावी, कारण इराणी लोकांच्या अवेस्तात विवन्ह्वंताचा मुलगा यिम भेटतो. तिकडे तो मृत्यूचा देव झाला नाही. ज्याच्या राज्यात थंडी नव्हती, उन्हाळा नव्हता, म्हातारपण आणि मरणही नव्हते, असा तो सुवर्णयुगाचा राजा ठरला. त्याच यिमाचे पुढे फारसीत जमशेद झाले. मुंबईच्या एखाद्या पारशी घरात आई मुलाला जमशेद म्हणून हाक मारते, तेव्हा ती नकळत आपल्या यमराजाचेच नाव घेत असते. एकाच पूर्वजाच्या आठवणीतून एका घरात मरणाचा राजा झाला आणि शेजारच्या घरात अमरपणाचा!

ऋग्वेदाच्या त्या सूक्तांत मेलेल्या माणसाची दृष्टी सूर्याकडे आणि श्वास वाऱ्याकडे जावो अशी इच्छा आहे. चितेवरच्या अग्नीला, ह्याला अगदी जाळून टाकू नकोस, नीट शिजवून पितरांकडे पोचव, अशी विनवणी आहे. पुनर्जन्माची स्पष्ट कल्पना तेथे आढळत नाही. आणखी एक गोष्ट त्या सूक्तांत आहे, ती मला फार मोलाची वाटते. गेलेल्याला निरोप दिल्यावर जिवंत माणसे मागे वळतात, मृत्यू आणि आपण यांच्या मधोमध एक मर्यादा घालतात, आणि पुन्हा हसण्याखेळण्याकडे जातो आहोत असे सांगतात. प्रेताशेजारी पडलेल्या पत्नीलाही, ऊठ, जिवंतांच्या जगाकडे ये, अशी हाक आहे.

हे समाधान फार काळ टिकले नाही. ब्राह्मणग्रंथांच्या काळात एक नवी धास्ती माणसाच्या मनात शिरली. यज्ञ करून, दाने देऊन मिळवलेले पुण्य त्या लोकी गेल्यावर संपले तर काय? संपले तर तिथेही पुन्हा मरण यायचे! ह्या भयाला त्या ग्रंथांनी 'पुनर्मृत्यू' असे नाव दिले. गंमत अशी की, आपल्याकडे पुनर्जन्माच्या आधी पुनर्मृत्यूची चिंता आली. शतपथ ब्राह्मणात वरुणाचा गर्विष्ठ मुलगा भृगू परलोक पाहून येतो. तेथे माणसे माणसांना तोडताना, खाताना त्याला दिसतात. घरी येऊन तो विचारतो, तेव्हा कळते की इथे ज्यांना यथाविधी न वागवता तोडले आणि खाल्ले ती झाडे, ते पशू, त्या वनस्पती तिथे माणसाचे रूप घेऊन उलट फेड करीत आहेत. यमाच्या उजेडाच्या घरात हिशेब शिरला तो असा.

ह्या बदलाची खूण पाहावयाची असेल तर नचिकेताची गोष्ट दोन ठिकाणी वाचावी. पहिली तैत्तिरीय ब्राह्मणात आहे आणि दुसरी कठोपनिषदात. कथेचा सांगाडा एकच. बाप सर्वस्व दान करतो आहे; मुलगा विचारतो, मला कोणाला देणार? पुनःपुन्हा विचारल्यावर बाप रागाने म्हणतो, मृत्यूला. मुलगा मृत्यूच्या घरी जातो. घरधनी बाहेर गेलेला. मुलगा तीन रात्री उपाशी राहतो. परत आल्यावर मृत्यू ओशाळतो, कारण अतिथी उपाशी राहिला हा गृहस्थाला दोष. म्हणून एकेका रात्रीबद्दल एकेक वर देऊ करतो. मृत्यूलासुद्धा पाहुणचाराचा धर्म सुटलेला नाही, हे ह्या कथेतले किती गोड सत्य आहे!

फरक आहे तो तिसऱ्या वरात. ब्राह्मणातला नचिकेता विचारतो, पुनर्मृत्यूला जिंकावे कसे? मृत्यू त्याला एक अग्निचयन शिकवतो. विधी कळला, प्रश्न मिटला. उपनिषदातल्या नचिकेताला तो अग्नी दुसऱ्याच वरात मिळून जातो आणि तिसरा वर शिल्लक राहतो. तेव्हा तो निराळेच विचारतो : माणूस मेला की कोणी म्हणतात तो असतो, कोणी म्हणतात तो नसतो, खरे काय ते सांग. हा प्रश्न ऐकताच मृत्यू गडबडतो. देवांनाही येथे संशय पडला होता, दुसरे काही माग, असे सांगून तो हत्ती, घोडे, शंभर वर्षे जगणारी मुलेनातवंडे, नाचगाणी सगळे देऊ करतो. मुलगा ते सारे त्यालाच परत करतो. मग यम जे सांगतो त्यात परलोकाचा नकाशा जवळजवळ नाहीच. माणसापुढे प्रत्येक वेळी दोन वाटा येतात, एक हिताची आणि एक सुखाची, येथून तो आरंभ करतो. आणि जन्म नाही, मरण नाही असे जे आपल्या आत आहे ते ओळख, येथे येऊन थांबतो. मेल्यावर कोठे जातो, हा प्रश्न मागे पडला आणि जाणारा कोण, हा पुढे आला. विचाराच्या इतिहासात ह्याहून मोठी उडी क्वचितच सापडेल, आणि ती एका हट्टी मुलाच्या तोंडून घेतली गेली.

त्याच सुमाराच्या उपनिषदांत ही शंका अनेकांना छळताना दिसते. विदेहाच्या जनकाच्या सभेत आर्तभाग याज्ञवल्क्याला विचारतो, मेलेल्याची वाणी अग्नीत गेली, श्वास वाऱ्यात गेला, दृष्टी सूर्यात गेली, मग तो माणूस कोठे राहिला? याज्ञवल्क्य एवढा वादपटू, पण भर सभेत उत्तर देत नाही. आर्तभागाचा हात धरून त्याला बाजूला नेतो आणि दोघे एकांतात बोलतात. काय बोलले? कर्माविषयी, एवढेच उपनिषद सांगते. इकडे पांचालांच्या राजा प्रवाहण जैवलीने श्वेतकेतू नावाच्या विद्वान तरुणाला विचारलेला प्रश्न तर एखाद्या चौकस पोराने विचारावा तसा आहे : इतकी माणसे मरतात, मग तो लोक भरून कसा जात नाही? श्वेतकेतूला उत्तर येत नाही. त्याचा बाप स्वतः राजाकडे शिकायला जातो. राजा दोन वाटा सांगतो. एक उजेडातून ब्रह्माकडे नेणारी, दुसरी धुरातून, रात्रीतून, कृष्णपक्षातून चंद्राकडे नेणारी. ह्या दुसऱ्या वाटेने गेलेला पुण्य संपले की पावसाबरोबर खाली येतो, धान्यात शिरतो, पुन्हा जन्मतो. जन्ममरणाच्या फेऱ्याचे हे जुने आणि सविस्तर वर्णन एका क्षत्रियाच्या तोंडी आहे, आणि ही विद्या आजवर ब्राह्मणांकडे गेली नव्हती, असेही तो ऐकवतो.

सगळ्यांना हे पटले असे मात्र समजू नये. आपल्या देशात न पटणाऱ्यांची परंपराही तितकीच जुनी आहे. पाली ग्रंथांतल्या दीघनिकायात पायासी नावाच्या एका अधिपतीची हकीकत आहे. जैनांच्या ग्रंथांतही तिचे भावंड सापडते. पायासी कोसल देशातल्या सेतव्या गावचा. परलोक नाही असे त्याचे ठाम मत, आणि ते त्याने प्रयोगाने ठरवलेले. मरणाला टेकलेल्या पापी नातेवाइकांना तो सांगून ठेवी की, नरकात गेलात तर येऊन मला कळवा. पुण्यवान नातेवाइकांना सांगे, स्वर्ग मिळाला तर निरोप द्या. कोणी आले नाही. मग त्याने एका चोराला जिवंतपणी रांजणात घालून तोंड चामड्याने आणि मातीने बंद केले, तो मेल्यावर हळूच उघडून पाहिले. जीव बाहेर पडताना दिसला नाही. मरणापूर्वी आणि मरणानंतर वजनही करून पाहिले. क्रूर म्हणावा असाच हा माणूस, पण निव्वळ ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, ही त्याची जिद्द नाकारता येत नाही. कुमारकस्सप नावाचा भिक्षू त्याला दाखल्यामागून दाखले देतो. पकडलेल्या चोराला मारेकरी घरी निरोप सांगायला सोडतात काय? उकिरड्याच्या खड्ड्यातून निघून, न्हाऊन माखून महालात बसलेला माणूस पुन्हा त्या खड्ड्यात उतरेल काय?

शेवटी पायासी हरतो आणि दानधर्म सुरू करतो. पण तो देतो कण्या आणि जाडेभरडे कपडे. दानाची व्यवस्था पाहणारा उत्तर नावाचा तरुण त्याला म्हणतो, जे तुम्ही स्वतः पायानेही शिवणार नाही ते दुसऱ्याला कसे देता? कथेच्या अखेरीस दोघेही मरतात. मन लावून आपल्या हाताने वाढणारा उत्तर देवांच्या सभेत जातो आणि पायासीला मिळतो तो एक ओसाड महाल. परलोक आहे की नाही ह्या वादाने सुरू झालेली गोष्ट, पानात काय वाढले आणि कोणत्या मनाने वाढले, येथे येऊन संपते.

बुद्धाने तर नचिकेताला सापडलेले ते अविनाशी 'आत'लेच नाकारले. मग पुन्हा जन्मतो तो कोण? इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पंजाबात राज्य करणारा यवन राजा मेनँडर, म्हणजे बौद्ध ग्रंथांतला मिलिंद, त्याने नागसेन भिक्षूला हेच विचारल्याची कथा आहे. नागसेन त्याला रात्रभर जळणाऱ्या दिव्याकडे बोट दाखवतो. पहिल्या प्रहराची ज्योत तीच मध्यरात्रीची काय? तीच नव्हे. मग वेगळी काय? वेगळीही नव्हे, कारण त्याच दिव्याच्या आधाराने ती रात्रभर जळली. माणसाचे जीवन आणि जन्मांतर असे आहे, असे त्याचे म्हणणे. ह्या दोघांचे नाव महाराष्ट्रात पुन्हा घरोघर पोचले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे, छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, त्यांच्या संस्थेने १९५० मध्ये उघडलेले महाविद्यालय मिलिंदाच्या नावाने आणि त्याचा परिसर नागसेनाच्या नावाने ओळखला जातो.

तत्त्वज्ञ असे वाद घालीत असताना इकडे यमाची बढती चालूच होती. जुन्नरजवळ नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनांची एक लेणी आहे. तेथल्या ब्राह्मी लेखात नागनिका राणीच्या घराण्याने केलेल्या यज्ञांची आणि दानांची यादी आहे. विद्वान तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. लेखाच्या आरंभी देवांना वंदन करताना चार लोकपालांची नावे आली आहेत आणि त्यांत पहिले यमाचे आहे. पतीच्या मागे राहिलेली ती राणी व्रतस्थ जीवन जगत होती, असे लेखावरून दिसते. वाटेवरच्या वाटसरूंनी वाचावे म्हणून खोदलेल्या ह्या लेखात यम आता दक्षिण दिशेचा राखणदार, राजघराण्याचा पूज्य देव झाला आहे.

महाभारतात तो धर्मराज आहे. वटपौर्णिमेला ज्या सावित्रीची आठवण होते तिच्या कथेत तो सत्यवानाच्या देहातून अंगठ्याएवढा पुरुष पाशाने ओढून काढतो आणि दक्षिणेकडे चालू लागतो. तरीही मागून येणाऱ्या त्या मुलीचे शहाणपणाचे बोलणे ऐकायला तो थांबतो, वर देतो आणि शेवटी बोलण्यात हरतो. पुराणांत मात्र त्याचे दरबारी रूप पक्के झाले. चित्रगुप्त कारकून आला, वैतरणी आली, दूत आले, नरकांच्या याद्या आल्या. आणि दुखवट्याच्या दिवसांत घरोघर गरुडपुराण वाचले जाऊ लागले. बौद्ध भिक्षूंबरोबर हाच न्यायाधीश चीनमार्गे जपानला पोचला. तेथे त्याला एन्मा म्हणतात. ह्या भीतीने काही माणसांना वाईट कृत्यापासून परावृत्त केले असेल. पण रडत्या घराला तिने आधार किती दिला, ह्याचा विचार ज्याने त्याने करावा.

असे यमाचे एकावर एक थर चढत गेले. पहिला मृत पूर्वज, अतिथीपुढे ओशाळणारा यजमान, आत्मविद्येचा गुरू, दिशेचा लोकपाल, पापपुण्याचा न्यायाधीश. ह्यांपैकी दिवाळीला आपण कोणाला बोलावतो? नरकचतुर्दशीच्या चौदा नावांत धर्मराज आहे, अंतक आहे, चित्रगुप्तही आहे. पण तीन दिवसांनी ह्या सगळ्या पदव्या बाजूला राहतात आणि उरतो तो बहिणीकडे जेवायला आलेला भाऊ. म्हणजे सणाने यमाचे सर्वांत जुने नाते जपून ठेवले आहे. पंडितांनी त्याला सिंहासनावर बसवले, बायकांनी पाटावर बसवले.

ह्या बहीणभावांची एक छोटी कथा कृष्णयजुर्वेदाच्या मैत्रायणी संहितेत आहे. ही शाखा फार थोड्या घराण्यांत टिकली आणि त्यांतली काही आपल्या खानदेश-नाशिककडची. कथा अशी. यम मेला. देव यमीची समजूत घालू लागले, पण जेव्हा विचारावे तेव्हा ती म्हणे, तो आजच तर गेला. कारण त्या वेळी जगात नुसता दिवस होता. रात्र नव्हती, म्हणून उद्याही नव्हता. देव म्हणाले, अशाने हिला कधीच विसर पडायचा नाही. त्यांनी रात्र निर्माण केली. रात्रीमागून दुसरा दिवस उजाडला, आणि हळूहळू यमीला विसर पडला.

ही कथा रचणाऱ्याने यम कोठे गेला हे सांगितले नाही. त्याने पाहिले ते मागे राहिलेल्या यमीकडे. ज्या घरात अलीकडे कोणी गेले आहे तेथे दिवाळी येते तेव्हा आजही हेच होते. सगळ्यांचा सण असतो आणि त्या घरात मात्र तो आजच गेलेला असतो. त्या वर्षी आकाशकंदील लागत नाही, फराळ शेजारून येतो, आणि हा शिष्टाचार कोणी शिकवावा लागत नाही. नचिकेताच्या प्रश्नाचे उत्तर त्या घराला कोणी देऊ शकत नाही. एकेक रात्र मात्र त्याच्यासोबत काढता येते.

भाऊबीजेला जिला ओवाळायला भाऊ नसतो, किंवा असून दूर असतो, ती आपल्याकडे चंद्राला ओवाळते. उपनिषदांनी पितरांची वाट चंद्राकडेच नेली होती. अंगणात तबक घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईला हे ठाऊक असते असे नव्हे. बीजेची कोर लवकर मावळते, म्हणून ती घाईने निरांजन लावते, ओवाळते, अक्षता टाकते आणि पाने वाढायला आत जाते.